अल्बम फुटतो तेव्हा

मंडळी, पेपर फुटणं आपल्याला नवीन नाही. पण अल्बम फुटला तर काय होतं? या शनिवारी त्याची गोष्ट.

होस्टेलवर असताना एका सीनियरच्या हार्डडिस्कमधून माझ्याकडे 'मॅडव्हिलनी' नावाचा फोल्डर आला. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं तोवर माझं ठाम मत. पण सबमिशनच्या रात्री जर्नल उतरवताना तो लावला आणि पुढची दोन वर्षं तोच वाजत राहिला. नोकरी लागल्यावर म्हटलं, चला, आता रीतसर पैसे देऊन ऐकू. लावला, आणि दोन मिनिटांत वाटलं, च्यायला, हा गाणारा आजारी आहे की काय? शब्द बरेचसे तेच, पण आवाज जड, सुस्त, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. कुणीतरी माझी गाणी बिघडवली होती!

खरा प्रकार नंतर कळला. मी इतकी वर्षं ऐकत होतो तो अल्बम नव्हताच.

तर झालं असं. मॅडलिब हा कॅलिफोर्नियाचा बीट बनवणारा. जुन्या रेकॉर्डांचा वेडा. (पुढे २००७ मध्ये यानेच आपल्या जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डांवरून 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला.) एमएफ डूम हा लोखंडी मुखवटा घालणारा रॅपर. १९९३ मध्ये त्याचा भाऊ सबरॉक गाडीखाली गेला, पुढच्याच वर्षी कंपनीने दोघांचा तयार अल्बम मुखपृष्ठाच्या वादावरून गुंडाळून ठेवला, आणि हा माणूस काही वर्षं दिसेनासा झाला. परतला तो मुखवटा चढवूनच. या दोघांना एकत्र आणलं स्टोन्स थ्रो नावाच्या छोट्या लेबलने. लॉस एंजेलिसमधलं लेबलचं घर हेच ऑफिस, आणि त्या घराचं जुनं बॉम्ब शेल्टर हा मॅडलिबचा स्टुडिओ.

नोव्हेंबर २००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला तो अल्बमची कच्ची प्रत बरोबर घेऊन. हॉटेलच्या खोलीत एक छोटा सॅम्पलर, साधा रेकॉर्ड प्लेयर आणि कॅसेट डेक एवढ्या सामानावर पठ्ठ्याने नवे बीटही बनवले. पण ती कच्ची प्रत चोरीला गेली आणि थेट इंटरनेटवर पोचली. रिलीजच्या सव्वा वर्ष आधी!

आमच्याकडे अर्धवट बिल्ड चुकून क्लायंटकडे गेला तर काय होतं ते आठवा. दोघंही वैतागले आणि काम बाजूला टाकून आपापल्या वाटेने गेले. डूमने २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या टोपणनावांनी दोन अल्बम काढले, मॅडलिबने जे डिलाबरोबर 'चॅम्पियन साउंड' केला. मग पुन्हा बसले. आणि इथेच मला खरी गंमत वाटते. जगाने ऐकलेलंच काढायचं तर कष्ट कशाला? पण डूमने आपला भाग नव्याने रेकॉर्ड केला. आधीचा उत्साही आवाज गेला, खर्जातला आला, काही ओळी बदलल्या.

२३ मार्च २००४ ला अल्बम आला. २२ गाणी, जेमतेम ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळजवळ नाहीच. समीक्षक खूश झाले. पिचफोर्कने १० पैकी ९.४ दिले. बिलबोर्डवर मात्र १७९ व्या नंबरपुढे गाडी सरकली नाही. फुकट ऐकून झालेले लोक कुरकुरत होते ते वेगळंच: "आधीचा आवाज बरा होता की!" म्हणजे माझ्या दहा-बारा वर्षं आधी माझीच तक्रार.

शेवटच्या 'राइनस्टोन काउबॉय' गाण्यात डूमने या गळतीवर टोमणाही मारलाय. पहिल्यांदा तो नीट कळला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये एकटाच ओशाळलो.

आता विचाराल तर नवा आवाजच बरोबर वाटतो. बीट मुळात जुने, धुळकट. त्यावर जोरात बोलणारा माणूस बीटशी भांडल्यासारखा वाटतो, खर्जातला त्यात मुरतो. हे पटायला मला सहा महिने लागले. डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला. जगाला कळलं दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला. मुखवटा शेवटपर्यंत!

त्या रात्री सीनियरला फोन करून हे सगळं रामायण सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुन्हा रेकॉर्ड केला? कशाला रे?"