बेगमीचा इतिहास

‘बेगमी’ हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळलेला आहे की, तो मूळचा फारसी आहे असे सांगितले तरी पुष्कळांस खरे वाटणार नाही. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘गम’ म्हणजे दुःख अथवा चिंता; तेव्हा बेगमी याचा मूळ अर्थ निश्चिंतपणा असा आहे. मराठी माणसाने हा शब्द घेतला तो त्याच्या अर्थास एक व्यवहारी वळण देऊन. निश्चिंतपणा ही केवळ मनाची अवस्था असू शकत नाही. कणगीत ज्वारी, माळ्यावर लाकूडफाटा आणि बरणीत लोणचे असल्यावाचून तो कोणासही लाभत नाही, असे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ठरविले, आणि चिंता दूर करणाऱ्या साठ्यासच ते बेगमी म्हणू लागले. या एका शब्दात आपल्या समाजाच्या कित्येक शतकांचा अनुभव साठविलेला आहे. आजकाल ‘काळ मोठा अनिश्चित आला आहे’ असे उद्गार सर्वत्र ऐकू येतात. अशा वेळी ही सवय आपल्याकडे कशी वाढली, कशामुळे मोडली आणि तिच्यातून आज काय घेण्यासारखे आहे, याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या इतिहासग्रंथांत लढाया आणि तह यांना जेवढी जागा मिळते तेवढी धान्याच्या कोठारांना मिळत नाही. वस्तुतः किल्ल्याचे भवितव्य तटाइतकेच अंबारखान्यावर अवलंबून असे. पन्हाळ्यावर गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या तीन प्रचंड कोठ्या आजही उभ्या आहेत. त्यांपैकी एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. 1660 साली सिद्दी जौहरने या गडास वेढा घातला तेव्हा महिन्यांमागून महिने गड तग धरून राहिला, यात या कोठ्यांचा वाटा लहान नसावा.

शिवाजी महाराजांची दूरदृष्टी वर्णन करताना आपण बहुधा आरमाराचा व दुर्गांचा उल्लेख करतो. परंतु राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांस पाठविलेले एक पत्र उपलब्ध आहे. बेगमीच्या दृष्टीने त्याच्या तोडीचा दुसरा कागद आमच्या पाहण्यात नाही. पावसाळा तोंडावर आला आहे. दाणा आणि वैरण यांचा साठा मोजका आहे. आज हाती आहे म्हणून कोणी मनास येईल तसा उधळला, तर ऐन पावसात काही मिळणार नाही व घोडी उपाशी मरतील, अशी या पत्रात ताकीद आहे. पुढे जाऊन पत्र असे बजावते की, साठा संपला म्हणजे शिपाई कुणब्याच्या घरी शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकूड, आणि मग रयतेस तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. एवढ्यावर न थांबता रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, येथपर्यंत सूचना त्यात आहेत. ज्या राजास अर्धा हिंदुस्थान दृष्टीपुढे दिसत होता, त्यास उंदराने पळविलेली वातही दिसत होती! शिवाय आपली बेअब्रू आपल्या बेफिकिरीतून सुरू होते आणि एकाच्या उधळपट्टीची किंमत दुसऱ्या गरिबास द्यावी लागते, हा विचार त्यात किती स्वच्छ मांडला आहे!

हीच दृष्टी पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या धडाक्याने झरे आटण्याचा संभव असतो. म्हणून दोन-चार टाकी खोदून ठेवावी, असे अमात्य सांगतात. एका साधनावर विसंबू नये, हे बेगमीचे पहिले सूत्र होय.

हे सूत्र विसरल्याने काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे पानिपत. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांच्या हाती धान्याचा मोठा साठा आला होता. परंतु लष्कराबरोबर बायकामुले व यात्रेकरू यांचा प्रचंड पसारा होता, आणि अबदालीने यमुना उतरून दिल्लीचा रस्ता रोखल्यावर रसदेची वाट बंद झाली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली आशाही मावळली. 14 जानेवारी 1761 रोजी जे सैन्य रणांगणावर उतरले ते उपासमारीने आधीच अर्धमेले झालेले होते. पराभवाची इतर कारणे पुष्कळ आहेत. तथापि लढाईचा दिवस भाऊसाहेबांनी निवडला नाही, तो रिकाम्या कोठारांनी निवडला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता गडावरून घरात येऊ. देशावरच्या शेतकऱ्याची खरी तिजोरी म्हणजे पेव. मुरमाड, कोरड्या जागी अरुंद तोंडाचा व खाली रुंद होत जाणारा खड्डा खणावयाचा, आतून कडबा व गवत लावून त्यात ज्वारी भरावयाची आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकावयाचे, अशी ही रचना. तिच्यातील शास्त्र मोठे मार्मिक आहे. बंद जागेत धान्य स्वतःच श्वासोच्छ्वास करीत असते; त्यामुळे आतील प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो, आणि त्यात कीड जगू शकत नाही. कडेचे थोडे धान्य ओलीने खराब झाले तरी मधले वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर मात्र काही वेळ थांबून, आधी दिवा सोडून पाहावा, आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरावे, हा दंडक होता. तो मोडणारे गुदमरून मेल्याची उदाहरणे आहेत. अशा ज्वारीस वास येई आणि ती पेरणीस निरुपयोगी होई. म्हणून बियाणे राख मिसळून निराळे ठेवीत. खाण्याचे धान्य व पेरण्याचे धान्य यांत केलेला हा भेद आमच्या मते फार अर्थपूर्ण आहे. ज्या घरात उपासमारीतही बियाण्यास हात लागत नसे, त्या घरास पुढचे वर्ष असे.

पेवाखेरीज घरात शेणामातीने सारवलेल्या कणग्या असत, वाड्यांच्या भिंतींत बळदे असत, स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे. धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे, डाळींस एरंडेल चोळणे, कडधान्यास तांबडी माती लावून ती उन्हात वाळविणे, हे उपाय घरोघरच्या बायकांस ठाऊक असत. कोकणात तर ‘आगोट’ हा वर्षातील एक स्वतंत्र कार्यभागच होता. मृगापूर्वी तांदूळ, मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी, फणसाचे गरे, पापड आणि जळण घरात आलेच पाहिजे. कारण एकदा नद्या-ओढ्यांस पूर आला आणि होड्या किनाऱ्यास लागल्या म्हणजे चार महिने बाजार नाही. या शास्त्राचा ग्रंथ कोणी लिहिला नाही. सासूने सुनेस आणि आईने लेकीस ते हातांनी शिकविले. आणि म्हणूनच हात थांबताच ते शास्त्रही लोपू लागले.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. ‘जुन्या काळी प्रत्येक घर स्वयंपूर्ण होते’ असे आपण सहज बोलतो. ते खरे नाही. स्वयंपूर्ण असेलच तर गाव होते. खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी अशा बलुतेदारांस त्यातून वाटा जाई, आणि त्या वाट्यावर शेतकऱ्याचा नांगर व मोट वर्षभर चाले. म्हणजे बेगमी ही एकट्याची नव्हती. परंतु हे चित्र रंगविताना त्याची काळी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या घरी पेव नव्हते, ज्याचा वाटा सर्वांत शेवटी व सर्वांत थोडा पडे, त्या महार-मांगांस आणि भूमिहीन मजुरांस दुष्काळ सर्वांआधी गाठत असे. शिवाय सलग दोन वर्षे पाऊस गेला की मोठमोठी पेवेही रिती होत. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने गुजरात व दख्खन यांची जी दैना केली, तिचे वर्णन पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने करून ठेवले आहे. त्याच आपत्तीत तुकोबांचे दुकान बसले व त्यांची पत्नी अन्नावाचून गेली. दूरच्या प्रांतात धान्य असले तरी ते बैलांच्या पाठीवरून वेळेत येणे शक्य नव्हते.

ही अडचण आगगाडीने दूर केली. 1858 साली रूळ पुण्यास आणि 1860 साली सोलापुरास पोचले. पण जो रस्ता धान्य आणतो तोच ते नेतोही. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 नंतर कापसास सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशात कापूस पसरला. सारा रोखीने व ठरल्या तारखेस भरावा लागे. सावकाराचे हप्ते निराळेच. तेव्हा धान्य पेवात पुरण्यापेक्षा खळ्यावरच विकणे शेतकऱ्यास भाग पडू लागले. 1875 साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते या कोंडमाऱ्याचे चिन्ह होते. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. 1876 ते 1878 च्या त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात 50 लाखांवर माणसे मेली, असा 1880 च्या दुष्काळ आयोगाचाच अंदाज आहे. आगगाडीने धान्य आले, त्याने पुष्कळ जीव वाचलेही. पण ते विकत घेण्यास हाती पैसा नव्हता. सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुराची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली; जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीस मुलांसाठी अन्नछत्र चालविले.

आमच्या सुशिक्षित वाचकांनी त्याच दशकातील एका कुटुंबाची हकीकत विशेष लक्षात ठेवावी. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान गृहस्थ पत्नी-मुलांसह दक्षिणेत तीर्थाटन करीत व पुराणे सांगून निर्वाह करीत. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडताच ऐकणारे व दक्षिणा देणारे दोघेही नाहीसे झाले. होते नव्हते ते विकून झाले; शास्त्री, त्यांची पत्नी व थोरली मुलगी काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. वाचलेली धाकटी मुलगी म्हणजे पुढे प्रसिद्ध पावलेल्या पंडिता रमाबाई. आम्हांस शास्त्राखेरीज काही येत नव्हते, आणि अंगमेहनत किंवा भिक्षा आमच्या अभिमानास सोसत नव्हती, असे त्यांनी मागाहून लिहिले आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात 1897 व 1900 च्या दुष्काळांतून सोडवून आणलेल्या मुलींस त्यांनी अक्षरांबरोबर विणकाम, शेतकाम, छपाई असे हातांचे उद्योग शिकविले. ज्या विद्येने आपले आईबाप वाचले नाहीत, तिला त्यांनी हातांची जोड दिली. पदवीच्या बळावर निर्वाह करणाऱ्या आपणा सर्वांस यात इशारा आहे.

विसाव्या शतकाने आणखी एक धडा दिला. मार्च 1942 मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मी तांदूळ बंद झाला. मे 1943 मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि कमीजास्त का होईना, प्रत्येकास ठरलेला वाटा मिळू लागला. त्याच वर्षी बंगालमध्ये मात्र दुष्काळाने थैमान घातले. वुडहेड आयोगाने मृतांची संख्या 15 लाख धरली. पुढील अभ्यासक ती 30 लाखांच्या आसपास नेतात. धान्य अगदीच नव्हते असे नाही. भाव चढले, आणि मजूर, कोळी, कारागीर यांची ते घेण्याची ऐपत संपली, हे अमर्त्य सेन यांनी 1981 साली दाखवून दिले. पैसेवाल्यांनी भीतीने घरे भरली, त्यानेही भाव चढले. उलट 1972 च्या महाराष्ट्रातील दुष्काळात मे 1973 च्या सुमारास जवळजवळ 50 लाख लोक सरकारी कामांवर होते. लोकांनी मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढले, पण बंगालसारखा संहार झाला नाही. रोजगार हमीची कल्पना त्याच अनुभवातून दृढ झाली.

यावरून बेगमी आणि साठेबाजी यांतील सीमारेषा स्पष्ट होते. सुगीत, धान्य मुबलक व स्वस्त असताना, घरच्या गरजेपुरते भरून ठेवणे ही बेगमी. टंचाई दारात आल्यावर धास्तावून बाजार रिकामा करणे ही साठेबाजी. पहिलीने टंचाईच्या वेळी बाजारावरचा भार हलका होतो. दुसरीने तो गरिबाच्या माथी बसतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीची घोषणा होताच वाण्यांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडाली, ती बेगमीची सवय मोडल्याचे लक्षण होते. ज्यांच्या घरात दोन महिन्यांचे धान्य होते त्यांना त्या झुंबडीत जाण्याचे कारण नव्हते. आणि ज्यांच्या घरी दोन दिवसांचेही नव्हते ते मजूर डोक्यावर बोचके घेऊन पायी गावाकडे निघाले, हे आपण सर्वांनी पाहिले.

पेवे आता बहुतेक बुजली. सांगलीजवळ हरिपुरास हळदीची पेवे होती, त्यांतील पुष्कळ पुरांनी निकामी केली. ती पुन्हा खणावी असे कोणी म्हणणार नाही. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते शक्यही नाही. परंतु त्यांमागील नियम जुने झालेले नाहीत. दोन-तीन महिन्यांचे धान्य व डाळी सुगीत घ्याव्या आणि जुने आधी संपवावे. पिण्याचे पाणी, उजेड आणि चूल यांस प्रत्येकी दुसरे साधन असावे. बियाण्यास हात लावू नये, म्हणजे आजच्या भाषेत ठेवीतील काही भाग कोणत्याही मोहास बळी देऊ नये. मुलामुलींस, दोघांसही, स्वयंपाक, शिवण आणि एखादी दुरुस्ती हातांनी करता यावी. आणि चार कुटुंबांच्या शेजारात कोणाकडे काय आहे व कोणाकडे काहीच नाही, याची माहिती आधीपासून असावी. खळ्यावरचा बलुतेदाराचा वाटा गेला, तो जावयासच हवा होता. कारण त्यात हक्कापेक्षा मेहेरबानी अधिक होती. परंतु रास घरात नेण्यापूर्वी दुसऱ्याचा वाटा बाजूस काढावा, हा त्यातील विचार टाकून देण्याजोगा नाही. शेजारी उपाशी असता कोणाचीही कोठी फार काळ सुरक्षित राहत नाही, आणि चिंता दूर करणे हाच जर बेगमीचा अर्थ असेल, तर ती शेजाऱ्यासह केल्यावाचून पुरी होणार नाही.