कुंभकोणम् : सांडपाणी व्यवस्था आणि जलप्रबोधन

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् या तीर्थक्षेत्री मैलापाण्याची विल्हेवाट आणि त्याविषयीचे लोकशिक्षण. शहराच्या उत्तरेस कावेरी व दक्षिणेस तिची शाखा अरसलार वाहते. लोकसंख्या १,४०,१५६ (२०११). १८६६ मध्ये स्थापन झालेल्या येथील नगरपालिकेचे २०२१ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. शहरात मंदिरांइतकीच तीर्थकुंडांचीही दाटी आहे. पाण्याचे पावित्र्य येथील रहिवाशाला सांगावे लागत नाही. मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे पोहोचते, हे सांगणे हा येथील जलप्रबोधनाचा गाभा होय.

महामहम् : सुमारे अडीच हेक्टरांच्या महामहम् तलावाभोवती सोळा मंडप असून ते तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधले, असे मानतात. तलावाच्या तळाशी वीस तीर्थविहिरी आहेत. गुरू सिंह राशीत असताना, मासी या तमिळ महिन्यात मघा नक्षत्रावर, म्हणजे साधारण बारा वर्षांनी येथे स्नानपर्व भरते. गोदावरीसह नऊ नद्या त्या वेळी येथे येतात, अशी श्रद्धा आहे. १८ फेब्रुवारी १९९२ च्या पर्वात चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० भाविक मरण पावले. त्यानंतरची पर्वे २००४ व २०१६ मध्ये झाली.

हे पर्व फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. कावेरीवरील मेट्टूर धरणातून नदीच्या त्रिभुज प्रदेशाला मिळणारे सिंचनाचे पाणी प्रघातानुसार १२ जूनला सुटते व २८ जानेवारीला थांबते. त्यामुळे स्नानाच्या दिवसांत कावेरीचे पात्र बहुधा आटलेले असते आणि तलावातील पाणी मुद्दाम भरून, निर्जंतुक करून राखावे लागते. सुरक्षेसाठी पातळी उथळ ठेवतात. मात्र उथळ पाण्यात गर्दी उतरली की घाम, तेल व साबण यांमुळे त्यातील क्लोरीन झपाट्याने खर्ची पडतो. स्नानापूर्वी अंगाला तेल लावू नये, पाण्यात कपडे धुऊ नयेत, या साध्या वाटणाऱ्या सूचनांमागे हे रसायनशास्त्र आहे.

मलनिःसारण : राज्यातील बहुतेक भुयारी गटार योजना १९७१ मध्ये स्थापन झालेले तमिळनाडू पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ उभारते, पुढे त्या चालवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेकडे येते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कावेरीकाठच्या तिरुच्चिराप्पळ्ळी, तंजावर, मयिलाडुतुरै या शहरांबरोबर कुंभकोणम्‌चाही समावेश झाला. नदीला मिळणारे नाले अडवून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवणे हे या योजनेचे मुख्य अंग होते. सार्वजनिक शौचालये, घाटांची सुधारणा व लोकसहभाग हीही तिची अंगे होती.

त्रिभुज प्रदेश सपाट असल्याने गटारांना पुरेसा उतार मिळत नाही. मैलापाणी ठिकठिकाणी पंपांनी उपसून पुढे ढकलावे लागते. त्यामुळे चिंधी, प्लॅस्टिक, सॅनिटरी पॅड किंवा खानावळीतील थिजलेले तेल यांनी एक वाहिनी तुंबली, तरी वरच्या गल्लीतील चेंबर उफाळतात. छपराचे पाणी भुयारी गटारात सोडल्यास ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान, हीच स्थिती ओढवते. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल-संकलन सक्तीचे केले. छपराचे पाणी जमिनीत मुरले, तर भूजलाची भर पडते आणि गटारावरचा भारही उतरतो.

तुंबलेल्या चेंबरमध्ये संरक्षक साधनांविना माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही विषारी वायूने गुदमरून कामगारांचे मृत्यू देशभर होत राहिले. केरळमधील जेनरोबोटिक्स या कंपनीचे ‘बँडिकूट’ हे यंत्र २०१८ मध्ये कुंभकोणम्‌मध्ये दाखल झाले. मॅनहोल साफ करणारा रोबो वापरणाऱ्या तमिळनाडूतील पहिल्या शहरांत कुंभकोणम्‌ची गणना होते. यंत्र गाळ उपसते. त्या गाळात चिंध्या व प्लॅस्टिक किती येणार, हे घराघरांतील सवयींवर अवलंबून राहते.

प्रबोधनाचे विषय : भुयारी गटाराला न जोडलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी व तिच्यातील मैला शुद्धीकरण केंद्रातच रिता करावा, असा दंडक तमिळनाडूच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी घातला. टँकर शेतात किंवा ओढ्यात रिकामा झाला, तर घरमालकाने उपशाचे पैसे मोजूनही दूषित पाणी परिसरातच राहते. उपशासाठी केंद्र सरकारने १४४२० हा मदत-क्रमांक ठरवला आहे. आरोग्याच्या दृष्टीने डासांचा विषय महत्त्वाचा ठरतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यात वाढतो आणि तंजावर जिल्हा या रोगाच्या प्रादुर्भावक्षेत्राचा भाग राहिला आहे. त्यामुळे उघडे गटार, सेप्टिक टँकचा फुटका वायुनळ किंवा झाकण नसलेली टाकी ही शेजाऱ्याच्या घरातील आजाराचीही कारणे ठरतात.

मर्यादा : पूर्वी कावेरीतून निघणाऱ्या पाटांनी कुंडे भरत. त्यांपैकी अनेक पाट अतिक्रमणांनी अरुंद झाले किंवा सांडपाण्याचे वाहक बनले. या अतिक्रमणांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. घरोघरी पत्रके वाटून पाट मोकळा होत नाही. त्यासाठी अतिक्रमण हटवणे व गटारजोडणी पूर्ण करणे ही प्रशासनाचीच कामे राहतात.

महाराष्ट्राशी तुलना : नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळाही सिंहस्थ गुरूच्याच काळात भरतो. तेथे गोदावरीचा प्रवाह गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो आणि रामकुंडाच्या वरच्या बाजूला मिळणारे नाले हा वादाचा विषय आहे. दोन्ही ठिकाणी स्नानाचे पाणी धरणे, पंप व क्लोरीन यांच्या बळावर शुद्ध राखले जाते. नाशिकचा पुढील सिंहस्थ २०२६ ते २०२८ या काळात असून कुंभकोणम्‌चे पुढील महामहम् २०२८ मध्ये आहे. पर्वाचे काही दिवस पाणी निर्मळ ठेवणे यंत्रणेला जमते. मधल्या बारा वर्षांतील निर्मळपणा मात्र गटारजोडणीवर आणि नागरिकांच्या रोजच्या वापरावर ठरतो.