इंदापूरची पाहणी आणि चुकलेला पॉइंटर

संगणकाच्या मेमरीतील प्रत्येक जागेला पत्ता असतो. तो पत्ता सांगणारी नोंद म्हणजे पॉइंटर. पत्ता चुकला तरी यंत्र अनेकदा तक्रार करत नाही. भलत्याच जागेतला आकडा उचलून ते पुढचे गणित बिनचूक करत राहते. इंदापूर तालुक्याने हाच दोष संगणकाच्या कितीतरी आधी भोगला. ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगलने १८३०च्या सुमारास तिथे निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. सूत्र अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंडसिद्धांतातून आलेले, हिशेब काटेकोर. पण जमिनीची प्रतवारी लाचखाऊ कारकुनांच्या हाती होती. कागदावरची काळी जमीन प्रत्यक्षात मुरमाड निघू लागली, सारा थकला आणि शेते ओस पडली.

दोष पाहणीचा नव्हे, धान्याचे भाव पडल्याचा होता, असे कोणी म्हणेल. भाव पडले हे खरेच. पण वारंवार सूट देऊनही घडी बसली नाही, कारण सूट कोणत्या शेताला हवी हे दप्तराला सांगता येत नव्हते. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६मध्ये नेमके हेच सुधारले. मातीची खोली आणि दोष शेतात जाऊन पाहिले, प्रतवारी नव्याने केली आणि साऱ्याचे दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. पुढे १८४७च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली. सर्व्हे नंबरचा आकार एका बैलजोडीच्या आवाक्याशी जोडलेला होता. मेमरीतही चार बाइटची संख्या चाराने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवतात. माप ठरले की जागा शोधणे सोपे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमीन नेमकी ओळखता येऊ लागल्यामुळे ती सावकाराकडे गहाण पडणेही सोपे झाले. आजच्या बारामती तालुक्यातील सुप्यात १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध दंगा उसळला. अचूक नोंद न्यायाची हमी देत नाही, हे मान्यच. पण शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या १८७९च्या कायद्याने न्यायालयांना कर्जरोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायला लावले. म्हणजे उपाय कागद नाकारण्यात नव्हता, कागद वस्तुस्थितीशी ताडण्यात होता. सातबारा आज ऑनलाइन मिळतो, पण पोटहिश्शांची नोंद बांधाशी जुळत नसेल तर पडद्यावरचा सुबक उतारा प्रिंगलचीच चूक अधिक वेगाने करील. म्हणून शेतावरच्या मोजणीचा खर्च वायफळ मानू नये. दप्तराचा खरेपणा त्यावरच उभा आहे.