ऊसवाहतूक : ट्रॉली ओढताना घ्यावयाची दक्षता

राज्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर आदी जिल्ह्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडण्याची पद्धत येथे रूढ आहे. अशा वाहतुकीत पुढील बाबींकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते.

जोडणी : ट्रॉली केवळ ट्रॅक्टरच्या नेमून दिलेल्या हुकालाच जोडावी. त्याहून उंच जागी जोडल्यास ओढ बसताच ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाण्याचा धोका असतो. पिनेला लॉक असावे आणि जोडीला साखळीही बांधावी. झिजलेली पिन तत्काळ बदलावी.

भार : मोळ्या दोन्ही बाजूंना समान रचाव्यात. थर जितका उंच, तितकी वळणावर ट्रॉली कलंडण्याची शक्यता अधिक. दुचाकी ट्रॉलीत मागे जादा वजन पडल्यास हूक वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. पुढे फार पडल्यास स्टिअरिंग हलके होते. दोन ट्रॉल्यांपैकी जड ट्रॉली ट्रॅक्टरलगत असावी. टायरमधील हवा योग्य ठेवल्यास डिझेलचीही बचत होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

उतार व ब्रेक : रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत, अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर वळतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून कदापि उतरू नये. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसल्यास तिचा सारा रेटा ट्रॅक्टरवर येतो. वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर झाला, तर थांबण्यासाठी शोषावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते.

रात्रीचा प्रवास : ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॉलीमागून ८० च्या वेगाने मोटार आली, तर दोहोंतील १०० मीटरचे अंतर अवघ्या ६ सेकंदांत संपते. अंधारात दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून मागे लाल, बाजूंना पिवळे व पुढे पांढरे रिफ्लेक्टर लावावेत. ते बाहेर आलेल्या उसाच्या वाड्याने झाकले जाणार नाहीत आणि चिखलाने माखणार नाहीत, हे पाहावे. मागचे दिवे शेवटच्या ट्रॉलीवर चालू असणे अत्यावश्यक आहे.

बिघाड झाल्यास ट्रॉली शक्यतो रस्त्याखाली घ्यावी. चाकांना लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकावेत. रस्त्यात राहिलेला असा एखादा दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.