गिटारवर भावगीताची साथ

गिटारवर भावगीताची साथ ही सुगम संगीतातील एक वादनपद्धती आहे. संथ, शब्दप्रधान गीतामागे गिटारवर कॉर्ड वाजवून गायकाला स्वर व लय यांचा आधार देणे, हे तिचे स्वरूप होय. पाश्चात्त्य पॉप बॅलड हा याच प्रकृतीचा गीतप्रकार असला, तरी त्याची चाल बहुधा कॉर्डच्या आधारानेच रचलेली असते. भावगीताची चाल मात्र एकेरी स्वरावलीतून घडते. त्यामुळे बोटांची ठेवण शिकण्याइतकेच चालीला योग्य कॉर्ड निवडणे येथे महत्त्वाचे ठरते.

== पट्टी व कॅपो ==
महाराष्ट्रात गायकाची पट्टी हार्मोनियमच्या स्वरांवरून सांगण्याची प्रथा आहे. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य 'सी' व काळी एक म्हणजे 'सी शार्प'. गिटारचा प्रत्येक पडदा अर्ध्या स्वराचे अंतर दाखवतो. म्हणून पहिल्या पडद्यावर कॅपो लावून 'सी'ची ठेवण वाजवल्यास काळी एक मिळते, तर 'जी'ची ठेवण वाजवल्यास काळी चार मिळते.

याच तत्त्वाचा उलट वापर बीटल्सच्या 'यस्टरडे' (१९६५) या गीतात आढळतो. त्यात पॉल मॅकार्टनी यांनी गिटारच्या तारा एक पूर्ण स्वर उतरवून 'जी'च्या ठेवणी वाजवल्या. त्यामुळे गीत 'एफ'मध्ये ऐकू येते.

== कॉर्डची निवड ==
अनेक पॉप बॅलडमध्ये पुढील चार कॉर्ड क्रमाने येतात. कंसात 'सी' हा षड्ज मानून नावे दिली आहेत.
* सा–ग–प (सी)
* ध–सा–ग (ए मायनर)
* म–ध–सा (एफ)
* प–नि–रे (जी)

यांपैकी 'एफ' नवशिक्यास अवघड जाते, कारण तिच्या पूर्ण ठेवणीत एकाच बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात. 'जी' हा षड्ज धरल्यास हाच क्रम जी, ई मायनर, सी व डी असा होतो आणि ही अडचण टळते.

रागाधारित चालींत हा क्रम जसाच्या तसा चालत नाही. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य असल्याने शेवटच्या दोन कॉर्डमुळे रागाबाहेरचे स्वर ऐकू येतात. पहिल्या दोन कॉर्ड मात्र पूर्णपणे रागातच बसतात. यमनमध्ये शुद्ध मध्यमाची म–ध–सा ही कॉर्ड तीव्र मध्यमाशी विसंगत ठरते. तेथे रे–तीव्र म–ध (डी) उपयोगी पडते.

== ताल व बोटांचा क्रम ==
उजव्या हाताच्या अंगठ्याकडे खर्जाच्या तारा असतात; तर्जनी, मध्यमा व अनामिका अनुक्रमे तिसरी, दुसरी व पहिली तार छेडतात. अंगठा–तर्जनी–मध्यमा–अनामिका–मध्यमा–तर्जनी या सहा आघातांत दादऱ्याच्या सहा मात्रा बसतात. केरव्याच्या आठ मात्रांसाठी अंगठा–तर्जनी–मध्यमा–तर्जनी–अनामिका–तर्जनी–मध्यमा–तर्जनी असा क्रम घेता येतो. सरावात आधी एकाच कॉर्डवर हा क्रम पक्का करून मग समेवर कॉर्ड बदलणे सोयीचे असते.

हिंदी चित्रपटसंगीतातील गिटारवादनाचे परिचित उदाहरण म्हणजे 'यादों की बारात' (१९७३) मधील 'चुरा लिया है तुमने' हे गीत. त्यातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे.

== मर्यादा ==
गिटारच्या पडद्यांमुळे सप्तकाचे १२ समान भाग होतात. म्हणून तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हार्मोनियमलाही हीच मर्यादा आहे. गायक मींड किंवा हरकत घेत असताना कॉर्ड बदलल्यास शब्द व स्वर झाकले जातात. अशा जागी तार नुसती घुमू देणे इष्ट मानले जाते.

== वाद्याची निगा ==
दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात व लाकूड फुगते. त्यामुळे खडकवासल्यासारख्या जलाशयाकाठच्या भागात पावसाळ्यात वादनानंतर तारा कोरड्या कापडाने पुसून गिटार पेटीत ठेवणे हिताचे असते.