यू ट्री फार्म : मेंढ्यांनी राखलेले घर

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, कॉनिस्टन गावाजवळच्या रस्त्यालगत यू ट्री फार्म हे सतराव्या शतकातील शेतघर आहे. जवळ वाढलेल्या यू वृक्षावरून त्याला हे नाव पडले. घरापेक्षाही पाहण्यासारखा आहे तो कोठाराचा लाकडी सज्जा. वर छप्पर, पुढे कठडा, मधून खेळता वारा. त्या भागात पावसाला खंड नाही. लोकर कातायला आणि वाळवायला अशीच उजेडाची पण कोरडी जागा लागे. असे सज्जे आता मोजकेच उरले आहेत.

ही लोकर हर्डविक मेंढ्यांची. कोकरू जन्मते काळे आणि वयाबरोबर करडे होत जाते. डोंगराला कुंपण नसते, तरी प्रत्येक कळप आपल्याच चराऊ भागात राहतो, कारण कोकरू ती हद्द आईच्या मागे फिरून शिकते. म्हणून खंडकरी बदलला तरी मेंढ्या शेताबरोबरच राहतात. कळप एकदा विकला की ही ओळखही गेली, आणि ती पैसे देऊन परत मिळत नाही.

1930 च्या सुमारास मंक कॉनिस्टन ही मोठी मालमत्ता विक्रीला निघाली. यू ट्री फार्म तिचाच भाग. बालसाहित्याची प्रसिद्ध लेखिका बिअट्रिक्स पॉटर हिने ती घेतली आणि तिचा निम्मा हिस्सा खरेदीच्याच किमतीला नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. शेजारीपाजारी तिला लग्नानंतरच्या नावाने, मिसेस हीलिस म्हणून ओळखत; हर्डविक मेंढ्यांची ती जाणकार होती. मंदीचे दिवस होते, नुसत्या मेंढ्यांवर घर चालणे कठीण होते. तेव्हा तिने इथल्या बैठकीच्या खोलीत आपले जुने फर्निचर मांडून प्रवाशांसाठी चहाची खोली सुरू करून दिली. तिच्या परोपकारापेक्षा हा व्यवहारीपणा जास्त मोलाचा वाटतो. घर जपायचे तर आधी त्यात राहणाऱ्याची चूल पेटती हवी, हे तिने ओळखले होते.

पुढे त्याच वाटेने पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय आली : रात्रीला खोली, सकाळी भरपेट न्याहारी. महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळाने जिला ‘निवास व न्याहारी’ म्हटले, तीच ही पद्धत. घर राहते, कुटुंब राहते, शेतीला जोडउत्पन्न मिळते. 2006 च्या ‘मिस पॉटर’ चित्रपटात यू ट्री फार्मच्या घराने पॉटरच्या हिल टॉप या घराची भूमिका केली आणि त्याचा चेहरा जगभर पोहोचला.

1943 मध्ये पॉटर वारली. मृत्युपत्राने तिने 4,000 एकरांहून अधिक जमीन आणि अनेक शेते नॅशनल ट्रस्टला दिली. आपल्या शेतांवर हर्डविक मेंढ्याच पाळल्या जाव्यात, अशी तिची इच्छा होती.