अनुपस्थित नट : ‘नटसम्राट’च्या प्रयोगेतिहासातील एक प्रश्न

नाटकाच्या संहितेच्या आवृत्त्यांची आपण काटेकोर नोंद ठेवतो. एखादी भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, हे मात्र आठवणींवर सोपवतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’बाबत ही उणीव अधिकच जाणवते; कारण रंगभूमीवरून निवृत्त झालेला वृद्ध नट हाच त्या नाटकाचा विषय आहे.

२३ डिसेंबर १९७० रोजी धी गोवा हिंदु असोसिएशनने मुंबईत या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते. शांता जोग कावेरी झाल्या आणि डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर. १९२७ साली जन्मलेले लागू त्या वेळी अवघे ४३ वर्षांचे होते. म्हणजे बेलवलकरांचे वार्धक्य हे नटाचे वय नव्हते. ती आवाज, विराम आणि देहबोली यांतून घडविलेली कलावस्तू होती. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त प्रभृतींनी ही भूमिका केली. एकच संहिता, पण प्रत्येक देहाने तिचे वेगळे अर्थनिर्णयन केले.

महेश मांजरेकरांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील बेलवलकर, म्हणजे नाना पाटेकर, यांनी त्याच दिवशी वयाची ६५ वर्षे पूर्ण केली. ८८ वर्षांचे लागू त्या चित्रपटात नव्हते. ज्याने तरुणपणी वार्धक्य निर्माण केले, तो खरोखर वृद्ध झाला तेव्हा ती भूमिका त्याच्या वयाच्याही मागे पडली होती.

या अनुपस्थितीला उपेक्षा म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. हॉलिवूडच्या ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानपटमालिकेचा २००९ साली नवा आरंभ झाला, तेव्हा वृद्ध लिओनार्ड निमॉय कालप्रवासाच्या युक्तीने स्पॉक म्हणून परतले. विल्यम शॅटनर मात्र नव्हते, कारण त्यांचा कर्क १९९४च्या चित्रपटातच मरण पावला होता. तेथे जुन्या नटाचे असणे-नसणे कथानकाने ठरविले. आपल्याकडे नाटक ‘नव्या संचात’ येते. जुन्या नटाच्या अभावाचा खुलासा कोणी मागत नाही. मराठी रंगभूमीचे सातत्य या स्वीकारावरच उभे आहे आणि तिचे विस्मरणही.

येथे प्रश्न निर्माण होतो तो प्रेक्षकाचा. नरडाण्यासारख्या गावातून व्यावसायिक नाटक पाहायचे तर धुळे किंवा जळगाव गाठावे लागते. माझ्या येथील विद्यार्थ्यांना बेलवलकर भेटले ते पडद्यावर. त्यांच्या दृष्टीने लागू ‘अनुपस्थित’ नाहीतच. अनुपस्थिती जाणवण्यासाठी आधी उपस्थितीचा अनुभव असावा लागतो. वर्गात मी त्यांच्यासमोर संहिता ठेवू शकतो. १९७० सालचा तो विराम कसा ठेवणार?

लागूंचे १७ डिसेंबर २०१९ रोजी निधन झाले. पहिल्या प्रयोगाला विशीत असलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. खानदेशात, विदर्भात, कोकणात ज्यांनी ते प्रयोग पाहिले, त्यांच्याकडून काय पाहिले, काय ऐकले, सभागृह कोठे स्तब्ध झाले, हे आताच लिहून घेतले पाहिजे. संहिता ग्रंथालयात टिकेल. प्रयोग मात्र पाहणाऱ्याबरोबर जातो. ‘नटसम्राट’च्या समीक्षेने बेलवलकरांच्या शोकांतिकेवर पुष्कळ लिहिले. ती शोकांतिका ज्याने प्रथम देहात उतरविली, त्याच्या कलेचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.